हे कुठल्या महिन्यातलं गं? भोर, वेल्हे आणि दवाखान्याचं गणित

बसमध्ये असाल, ऑफिसच्या कॅबमध्ये असाल, नाहीतर घरी भाजी निवडत असाल, कानात हेडफोन आहे ना, मग झालं. आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्यात लढाया नाहीत. थोडं गणित आहे. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पुढे आपण जाणार नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहूनही देतेय. बोलतानाचं 'अं' आणि 'म्हणजे' तेवढं गाळलंय.

माझं गाव भोर तालुक्यातलं. आत्या वेल्ह्यात दिलेली, चांगली आत, धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या वर्षी दोन-तीन वीकेंड बसून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते घेतले, गावं घेतली आणि प्रत्येक गावातून जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचायला किती मिनिटं लागतात ते काढलं. हिरवा म्हणजे जवळ, लाल म्हणजे लांब. नकाशा दिसायला झकास झाला. आत्याची वाडी पिवळ्यात आली, पंचावन्न मिनिटं.

दिवाळीला गेले तेव्हा मोठ्या कौतुकाने तिला मोबाईलवर दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कुठल्या महिन्यातलं गं?"

मला कळेना. महिना कसला? रस्ता तर तोच असतो.

"आषाढात ये आणि मग सांग मला पंचावन्न मिनिटं," एवढं म्हणून ती चुलीकडे वळली.

माझ्या प्रोग्रॅममध्ये महिना नावाचा व्हेरिएबलच नव्हता. तिथून मी शोधायला लागले की दवाखाना कुठे असावा, किती असावेत, हे आपल्याकडे आजवर ठरवलं कसं? कोणी, कुठल्या हिशोबाने?

भोरचं नाही, भोरे समितीचं

सुरुवातीलाच नावाचा एक गोंधळ मिटवून टाकू. भारताच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा आराखडा ज्या समितीने दिला ती 'भोरे समिती'. लहानपणी मला वाटायचं ती आमच्या भोरची. तसं नाही. सर जोसेफ भोरे हे आयसीएस अधिकारी, जन्म १८७८ चा, नाशिकचा. शिक्षण पुण्यात डेक्कन कॉलेजात आणि पुढे लंडनला. १९४३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला.

गंमत म्हणजे तो अहवाल ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता आणि भोर तेव्हा पंत सचिवांचं संस्थान होतं. मुंबई प्रांतात ते विलीन झालं १९४८ मध्ये. म्हणजे अहवाल आला तेव्हा आमचं गाव त्याच्या हिशोबातच नव्हतं.

अहवालात दोन आराखडे होते. लांब पल्ल्याचा फार मोठा होता. दर दहा ते वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र आणि त्याला ७५ खाटांचं रुग्णालय, असं स्वप्न त्यात होतं. ताबडतोबीचा आराखडा साधा होता, दर ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याबरोबर ही केंद्रं उभी राहायला लागली. पुढे आकडे बदलत गेले. १९८० च्या दशकापासून आपल्याला माहीत असलेला हिशोब पक्का झाला. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक पीएचसी, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक. उपकेंद्रासाठी ५,००० आणि ३,०००. त्यावरचं सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर असलेलं रुग्णालय, १,२०,००० मागे किंवा डोंगराळ भागात ८०,००० मागे एक.

आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५४,५१६. (सरकारी कागदांत त्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, पण आत्या वेल्हेच म्हणते, म्हणून मीही.) डोंगराळ भाग धरून २०,००० ने भागलं तर २.७ पीएचसी. सपाट धरला तर १.८. आणि तज्ज्ञांच्या रुग्णालयासाठी ८०,००० ने भागा, उत्तर ०.६८. पूर्ण एकसुद्धा नाही! भोरची लोकसंख्या १,८६,११६. तिथे हाच भागाकार २.३ देतो.

म्हणजे नियम काटेकोर लावला तर वेल्ह्याच्या वाट्याला एका रुग्णालयाचा दोन तृतीयांश भाग येतो. कुठला भाग घ्यायचा? छप्पर आणि भिंती, की डॉक्टर?

प्रत्यक्षात तालुक्याचं ठिकाण म्हणून वेल्ह्यात ग्रामीण रुग्णालय आहे. पण ते आहे तालुका नावाच्या चौकटीमुळे. गणिताच्या हातात असतं तर कोणी सांगावं.

मी या भागाकाराला हसत नाहीये. तोही एक मॉडेलच आहे. मॉडेल म्हणजे काय, तर खऱ्या जगातल्या हजार गोष्टींपैकी दोन-चार उचलायच्या आणि त्यावरून निर्णय घ्यायचा. इथे एकच गोष्ट उचलली, डोकी. आणि त्याचा एक मोठा गुण आहे, की तो कोणालाही करता येतो. सरपंच पारावर बसून पाटीवर मांडू शकतो आणि "आमच्या भागाला एक केंद्र कमी आहे साहेब" असं ठणकावून सांगू शकतो. माझ्या प्रोग्रॅमबाबत तो असं करू शकत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

डोंगर आणि पाणी

पण डोक्यांच्या भागाकाराला डोंगर दिसत नाही. 'डोंगराळ' असा एक शिक्का मारला की ३० चे २० हजार होतात, बस. त्या डोंगराचा आकार कसा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

वेल्हे-भोरचा आकार ज्यांनी ट्रेक केलेत त्यांना माहीत आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे फाटे फुटलेत आणि दोन फाट्यांमध्ये एकेक खोरं. राजगड आणि तोरणा अशाच डोंगरांवर बसलेत. शेजारच्या खोऱ्यातलं गाव पक्ष्याला दहा मिनिटांवर असतं. माणसाला मात्र खोऱ्याच्या तोंडापर्यंत खाली उतरून पुन्हा वर चढावं लागतं, नाहीतर पाबे घाटासारखी एखादी खिंड गाठावी लागते.

आणि या प्रत्येक खोऱ्यात धरण आहे. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा-देवघर, आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि अलीकडचं गुंजवणी. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. पानशेतचं पाणी खडकवासल्यात येऊन पुण्याच्या नळाला येतं. मी सकाळी हिंजवडीला निघण्याआधी तोंड धुते ते पाणी बहुधा आत्याच्या बाजूचंच.

धरण झालं की नदीचं बॅकवॉटर होतं. पूर्वी उन्हाळ्यात नदी ओलांडून समोरच्या गावात जाता यायचं, तिथे आता मैलभर पाणी. मग एक तर होडी, नाहीतर सगळ्या जलाशयाला वळसा. पानशेतच्या मागची शिरकोली, टेकपोळे, दापसरे, घोळ ही गावं नकाशावर शोधा आणि तिथून रस्ता कसा वळत वळत येतो ते बघा. जनगणनेत या गावांची डोकी मोजलेली आहेत. वळसा मात्र कुठेच मोजलेला नाही.

टेलिफोनवाल्यांचा प्रश्न

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण वळसा मोजायचं गणित तिथे तयार झालं आणि तेही दवाखान्यासाठी नाही. १९६४ मध्ये एस. एल. हाकिमी नावाच्या संशोधकाने एक प्रश्न सोडवला. गावोगावी टेलिफोन आहेत, त्यांना जोडणारं केंद्र कुठे ठेवलं तर एकूण तार सगळ्यात कमी लागेल? तारेच्या जागी माणसाचा प्रवास धरा, झाला दवाखान्याचा प्रश्न.

१९७१ मध्ये टोरेगास, स्वेन, रेव्हेल आणि बर्गमन या चौघांनी वेगळं विचारलं. अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिकेसारख्या सेवेत 'एकूण प्रवास' बघून काय उपयोग? प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळेत कोणीतरी पोहोचलं पाहिजे. मग कमीत कमी किती केंद्रं लागतील? १९७४ मध्ये चर्च आणि रेव्हेल म्हणाले, पैसे मोजकेच असतात. समजा तीनच केंद्रं परवडतात, तर त्या तिघांच्या टप्प्यात जास्तीत जास्त माणसं कशी आणायची?

हे तिन्ही प्रश्न एकसारखे वाटतात ना? मलाही वाटले होते. पण एक उदाहरण बघा. आकडे माझ्या मनचे आहेत.

एक रस्ता. हायवेजवळ मोठं गाव, ८,००० वस्तीचं. तिथून २० किलोमीटर आत दुसरं गाव, १,५०० वस्ती. आणखी २० किलोमीटर आत, रस्ता संपतो तिथे, ४०० माणसांची वाडी. दवाखाना एकच बांधायचाय.

पहिला प्रश्न: एकूण प्रवास कमीत कमी. हायवेच्या गावात बांधला तर १,५०० लोक २० किलोमीटर येणार, ४०० लोक ४० किलोमीटर. बेरीज ४६,००० माणूस-किलोमीटर. मधल्या गावात बांधला तर ८,००० लोकांना २० किलोमीटर आत यावं लागेल आणि वाडीलाही २०. बेरीज १,६८,०००. कॉम्प्युटर क्षणात सांगेल, हायवे! सरासरी अंतर साडेचार किलोमीटरच्या आसपास. अहवालात छापायला किती छान आकडा.

दुसरा प्रश्न: कोणालाही २० किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागू नये. उत्तर, मधलं गाव. सरासरी १७ किलोमीटर होईल, हायवेवाले बोंब मारतील, पण वाडीतली गरोदर बाई ४० किलोमीटर जाणार नाही.

डेटा तोच, रस्ता तोच, कॉम्प्युटर तोच. उत्तरं दोन, कारण प्रश्न दोन आहेत. आणि कुठला प्रश्न विचारायचा हे कॉम्प्युटर ठरवत नाही. मी माझा प्रोग्रॅम लिहिताना ते नकळत ठरवून टाकलं होतं, एका ओळीत, चहा पिता पिता.

सासष्टीचे रुग्ण

'हे सगळं परदेशात, आपल्याकडे कोण करतंय,' असं वाटत असेल तर थांबा. हे गणित आपल्या अगदी शेजारी, गोव्यात वापरून झालंय, ऐंशीच्या दशकात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे भूगोलाचे अभ्यासक जॉन हॉजसन यांनी गोव्यातल्या सासष्टी तालुक्याची, म्हणजे मडगावच्या परिसराची आरोग्य केंद्रं घेतली आणि ती बरोबर जागी आहेत का ते तपासलं. १९८३ आणि १९८८ मध्ये त्यांचे या विषयावरचे लेख प्रसिद्ध झाले. साधारण त्याच काळात कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात हायस्कुलं कुठे काढावीत यासाठी तिवारी आणि जेना यांनी हीच पद्धत वापरली.

हॉजसन यांच्या कामातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की त्यांनी माणसाच्या वागण्याला मॉडेलमध्ये जागा दिली. जुनी मॉडेलं धरून चालायची की रुग्ण मुकाट जवळच्या केंद्रात जातो. पण लहान केंद्र, मोठं केंद्र, रुग्णालय अशी उतरंड असली की लोक जवळचं सोडून मोठ्याकडे जातात. मोठ्या जागेची ओढ जास्त, लांब जागेची कमी आणि या दोघांच्या ओढाताणीतून माणूस ठरवतो.

आमच्याकडे हे सांगायला मॉडेल कशाला हवं! भोर-वेल्ह्यात कोणालाही विचारा. ताप आला की वडापने नसरापूर नाहीतर कापूरहोळ. जास्त वाटलं की थेट पुणे, ससून. मधल्या उपकेंद्राला वळसा घालून. का? कारण एकदा जाऊन कुलूप बघितलेलं असतं. एकदा "डॉक्टर मीटिंगला गेलेत" ऐकलेलं असतं. तेव्हा बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं माणूस विसरत नाही.

मग वरून बघणाऱ्याला काय दिसतं? उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये रुग्ण कमी. 'गरजच नाही बहुतेक, दुसरीकडे हलवा.' इथे मॉडेल चालवणाऱ्याने सावध राहायला हवं. रजिस्टरमध्ये आलेल्या माणसांची नोंद असते. न आलेल्यांचं रजिस्टर कुठेच नसतं.

आषाढाचा व्हेरिएबल

आता आत्याच्या प्रश्नाकडे. महिना.

डोंगरात चालण्याचा वेग काढायचं एक प्रसिद्ध सूत्र आहे, वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये दिलेलं. सपाटीवर माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो. शंभर मीटर पुढे जाताना तीस मीटर चढायचं असेल तर हाच वेग सूत्राप्रमाणे पावणेदोन किलोमीटरच्या आसपास येतो. जागतिक आरोग्य संघटनेचं 'अ‍ॅक्सेसमॉड' नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच जातीचं. जमिनीचा उतार, रस्ता, जंगल, नदी असं सगळं घालायचं आणि दवाखान्यापर्यंतचा वेळ काढायचा.

पण टोबलरचा माणूस एकटा आणि धडधाकट आहे. आमच्याकडे आजारी माणूस झोळीत असतो. चार जण खांदा देतात, आलटून पालटून. वर पाऊस. ओढ्यावरचा साकव वाहून गेला असेल तर पाणी उतरेपर्यंत थांबायचं. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट तर दरडींमुळे पावसाळ्यात बंद ठेवायची वेळ वारंवार येते.

मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. यावेळी आत्याला शेजारी बसवून. ती सांगत गेली, मी रस्ते लाल करत गेले. "ही फरशी जुलैत पाण्याखाली. इथून पुढे एसटी येत नाही, वडापही नाही. हा रस्ता तुझ्या नकाशात आहे, पण तो रस्ता नाही, पायवाट आहे." शेवटी आकडा आला दोन तास चाळीस मिनिटं. त्याच वाडीचा, त्याच रुग्णालयाचा. पंचावन्न मिनिटांचं गाव अख्खा पावसाळा एकशे साठ मिनिटांचं होतं. आणि साप निघतात ते याच महिन्यांत.

बाळंतपणात बायका का दगावतात याचा अभ्यास करताना १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोघींनी उशिराचे तीन टप्पे सांगितले. पहिला, जायचं ठरवायलाच उशीर. दुसरा, पोहोचायला उशीर. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. नकाशाचं मॉडेल फक्त दुसरा बघतं. पण हे तिन्ही एकमेकांत अडकलेत. पोहोचायला तीन तास लागणार आणि तिथे डॉक्टर असेलच असं नाही, हे माहीत असलं की घरातले "सकाळपर्यंत बघू" म्हणतात. दुसरा आणि तिसरा उशीर मिळून पहिला तयार होतो.

आणखी एक चूक मी केली होती. माझा नकाशा पुणे जिल्ह्याच्या हद्दीवर संपत होता. केळदसारखं गाव मात्र कोकणच्या कड्यावर आहे. मढे घाटाने उतरलं की खाली महाड तालुका, रायगड जिल्हा. त्याच महाडच्या बिरवाडी पीएचसीत डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ पासून काम करत होते. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे त्यांनी तिथल्या रुग्णांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींतून दाखवलं आणि ते पुढे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. विंचू चावलेल्या माणसाला जिल्ह्याच्या हद्दीशी काय करायचंय? माझ्या कोडला मात्र होतं.

एकशे चौतीस रिकामे दिवस

जागा ठरली, आता किती खाटा? इथेही सरासरी फसवते आणि लहान जागेला जास्त फसवते.

रांगांचं गणितही टेलिफोनमधूनच आलंय. १९०९ मध्ये डेन्मार्कच्या एर्लांगने टेलिफोन कॉल्ससाठी ते मांडलं. १९५२ मध्ये नॉर्मन बेली यांनी इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या ओपीडीतल्या रांगांवर अशा गणिताने अभ्यास केला.

समजा एका केंद्रात रोज सरासरी एक बाळंतपण होतं. मग एक टेबल पुरे? बाळं वेळापत्रक बघून येत नाहीत. याच गणिताने हिशोब केला तर वर्षातले साधारण १३४ दिवस एकही बाळंतपण होणार नाही. आणि साधारण २९ दिवस असे येतील की एकाच दिवशी तीन किंवा जास्त. ऑडिटला येणाऱ्या माणसाला १३४ रिकामे दिवस दिसतात. नर्सताईंना ते २९ दिवस आठवतात.

मोठ्या रुग्णालयात चढउतार एकमेकांत मुरतात, म्हणून खाटा भरलेल्या दिसतात. लहान जागेला त्याच भरवशासाठी जास्त मोकळी जागा हातात ठेवावी लागते. 'खाटा रिकाम्या, म्हणून कर्मचारी कमी करा' हा निर्णय वेल्ह्यासारख्या ठिकाणी फार सहज होऊ शकतो आणि तो चुकीचा आहे हे दाखवायला मॉडेल खरंच उपयोगी पडतं.

रुग्णवाहिकेचंही असंच. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ सेवा सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. भागाकाराच्या जगात ही मोठी उडी होती, कारण दवाखाना हलत नाही, गाडी हलते. पण तिथेही तोच प्रश्न. गाडी हायवेवर उभी करायची, जिथे अपघात जास्त, की खोऱ्याच्या तोंडाशी, जिथे कॉल कमी पण वेळ जास्त?

कोणाचा डेटा

पुणे जिल्ह्यात मॉडेलला लागणारा चांगला डेटा नाही असं नाही. वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम आहे, डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात उभं केलेलं. २००२ पासून तिथे २२ गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद होते. तिथे न आलेला माणूसही हिशोबात असतो, कारण मोजणारा त्याच्या दारात जातो.

आणि कोविडमध्ये तर पुणे शहराचं अख्खं 'डिजिटल ट्विन' टीसीएसच्या संशोधकांनी बनवलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये शहर वसवायचं, त्यात माणसं फिरवायची आणि अमुक बंद केलं तर साथीचं काय होईल ते बघायचं. त्याच पुण्याला पाणी देणाऱ्या खोऱ्यांचं असं जुळं मी तरी पाहिलेलं नाही. शहरात मोबाईल, बिलं, तपासण्या, सगळं डेटा सोडत जातं. आत्याच्या वाडीत रेंज यायला टेकडीवर जावं लागतं.

म्हणून मला वाटतं की भोर-वेल्ह्यासाठी मॉडेल करायचं तर सुरुवात आशाताईंच्या वहीतून व्हावी. कुठल्या घरात कितवा महिना चाललाय, कुठला ओढा कधी अडवतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आता डोंगराळ भागासाठी 'टाइम टू केअर'ची भाषा आलीय, म्हणजे डोक्यांऐवजी वेळ मोजायचा, अर्ध्या तासात चालत उपकेंद्र गाठता यावं. १९४६ पासूनचा हा मोठा बदल आहे. पण वेळ मोजायचा तर कुठल्या महिन्यातला, ते लिहायला हवं.

आणि ते पारावरच्या पाटीचं म्हटलं होतं ना? भागाकार सरपंचाला करता यायचा, म्हणून त्याला भांडताही यायचं. मॉडेल आलं आणि "कॉम्प्युटरने सांगितलंय" एवढंच उत्तर मिळालं, तर गाव होतं त्याच्याही मागे जाईल. त्यामुळे मॉडेल कुठला प्रश्न सोडवतंय, सरासरीचा की शेवटच्या वाडीचा, हे ग्रामसभेत साध्या मराठीत सांगितलं पाहिजे आणि गावाला ते बदलून मागता आलं पाहिजे. इंजिनिअर म्हणून सांगते, त्यात अवघड काही नाही. एक ओळ बदलायची असते.

माझे दोन नकाशे आता आत्याच्या घरात भिंतीवर आहेत, प्रिंट काढून. एक वैशाखाचा, एक आषाढाचा. तिने पेनाने आणखी तीन साकव दाखवलेत, तेवढी माझी दुरुस्ती बाकी आहे.

तुमचं गाव कुठलंही असो, या आठवड्यात एक करा. मोबाईलवर जवळच्या सरकारी रुग्णालयाचा वेळ काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा. ते काय विचारतात ते मला कळवा. आणि तातडीला १०८ हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे ना, तेही बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.